मॅडम, तिकडे जाताच कशाला?

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तरच वाचा, नाहीतर सरळ पुढे जा, राग नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळी आमचे चिरंजीव मुळा-मुठेत पडले. पुलावरून वगैरे नाही, कयाक उलटली. वय वर्षं एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. गेलं वर्षभर हा मुलगा आठवड्यातून तीन दिवस पहाटे उठून संगमाच्या खालच्या अंगाला वल्हवायला जातो. बारावीत ज्याला सात वाजता उठवायला मला हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहावं लागायचं, तो पाचला आपणहून उठतो. त्यामुळे इतके दिवस मीही गप्प होते.

त्या दिवशी घरी आला तो थेट बाथरूममध्ये. दोनदा आंघोळ केली, डेटॉलचं झाकण दोनदा वाजलेलं मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी कान दुखायला लागला. मग ताप, मग पोट. नऊ दिवस घरात. डॉक्टरांनी कान बघता बघता सहज विचारलं, "कुठल्या पूलला जातोस पोहायला?"

"पूल नाही, नदी."

"कुठली नदी?"

"आपलीच."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पाण्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले, पण परत पडायचं नाही हे मात्र छातीठोक सांगितलं.

आता आई म्हणून मी जे करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयात फोन लावला. कुठलं ते लिहीत नाही, कारण फोन उचलणारा माणूस चांगला होता, आवाजावरून माझ्याच वयाचा असावा. मी विचारलं, या पाण्यात मुलं रोज उतरतात, पाणी तपासलेलं कुठे बघायला मिळेल? त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खऱ्या काळजीने म्हणाला, "मॅडम, पण तिकडे जाताच कशाला?"

मी फोन ठेवला. संताप आला होता, पण पाच मिनिटांत उतरला. कारण आदल्याच रात्री, मुलाच्या कानात ड्रॉप्स घालताना, मी त्याला शब्दशः हेच म्हणाले होते. "मरायला तिकडे जातोसच कशाला?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. ही पोस्ट त्याच्याबद्दल आहे.

आधी कयाकबद्दल थोडं, कारण मलाही काही माहीत नव्हतं. मला वाटायचं गोव्याला बीचवर पिवळ्या प्लास्टिकच्या असतात त्या, तासाला अमुक रुपये. चिरंजीवांनी नऊ दिवस अंथरुणात पडून माझं शिक्षण केलं. हा शब्द मूळ आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा. त्यांच्यासाठी ही मौजेची वस्तू नव्हती, सील मारायला जायचं साधन होतं. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर मोठी झाडं उगवत नाहीत, म्हणून समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. मला सगळ्यात आवडलं ते माप. लांबी साधारण तीन वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंतचं अंतर. आपल्याकडे विहिरीचा दोर ज्याने मोजायचे तेच. रुंदी कमरेइतकी, अधिक दोन मुठी. म्हणजे बोट विकत आणून तिच्यात बसायचं नाही, शर्ट शिवतात तशी ती आपल्या अंगावर बेतायची.

आणि ती उलटणार हे त्यांनी धरलेलंच होतं. त्या थंड पाण्यात माणूस काही मिनिटांत गारठतो, म्हणून बोटीतून बाहेर न पडता, पाण्याखाली डोकं असतानाच वल्ह्याच्या आणि कमरेच्या झटक्याने बोटीसकट पुन्हा सरळ व्हायचं तंत्र त्यांनी बसवलं. त्याला रोल म्हणतात. जगभर हौशी लोक आज तेच शिकतात. रोल येत नसेल तर निदान उलट्या बोटीतून सुटायचं कसं ते आधी शिकवतात: पुढे वाक, कमरेभोवतीच्या कापडाची पट्टी ओढ, हाताने रेटून बाहेर ये. थोडक्यात, कयाकिंगचा पहिला धडा बुडायचा असतो.

आता हा पहिला धडा पुण्यात कसा घ्यायचा ते सांगा. माझ्या मुलाला रोल येतो. त्या दिवशी तो रोल करायचाच थांबला, कारण पाण्याखाली डोळे उघडले आणि काही दिसलंच नाही, काळं होतं सगळं, आणि चेहऱ्यावर काहीतरी येऊन चिकटलं. घाबरून त्याने तोंड उघडलं. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याला थंडीने मरायची भीती. आमच्याकडे नोव्हेंबरात पाणी छान कोमट असतं, भीती ते तोंडात जायची.

हे सगळं शेजारच्या खोलीतून आमचे बाबा ऐकत होते. वय ऐंशी. ते उठून आले आणि म्हणाले, "आम्ही तर प्यायचो की रे."

बाबा शनिवार पेठेतले. मुठेत पोहायला शिकले, आठव्या-नवव्या वर्षी. पाठीला वाळका भोपळा बांधून मोठ्या मुलांनी ढकलून दिलं, भोपळा कधी सोडला ते यांना कळलंच नाही, अशी ती गोष्ट. मी लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे. त्यातला डोह, खालची वाळू, मासे पायाला लुचायचे ते, सगळं पाठ आहे. पण खरं सांगते, मला ती गोष्ट नेहमी कुठल्या तरी दुसऱ्याच नदीची वाटायची. लकडी पुलावरून मी हजारो वेळा गेले असेन. खाली बघून हा डोह नेमका कुठे होता असा विचार एकदाही मनात आला नाही. माझ्या पिढीने नदी पुलावरूनच पाहिली, तीही नाकाला रुमाल लावून.

बाबांचं नदीशी तुटलं ते मात्र घाणीमुळे नाही. 12 जुलै 1961. बांधकाम पुरतं न झालेलं पानशेतचं धरण सकाळी फुटलं, त्या पाण्याने खडकवासलाही फोडलं, आणि पेठांमध्ये पाणी शिरलं. बाबा सोळा वर्षांचे होते. घर गेलं. माणसं वाचली. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत, एवढंच सांगतात की पाणी ओसरल्यावर घरात चिखलात एक मेलेली म्हैस होती आणि ती कोणाची ते कधीच कळलं नाही. त्यानंतर ते नदीत उतरले नाहीत. नातवाने कयाकिंग सुरू केलं तेव्हा वर्षभर त्यांनी अक्षरही काढलं नव्हतं. पसंत नसणार असं मी धरून चालले होते.

असो. मुलगा बरा झाला. आणि पहिल्याच शनिवारी पहाटे पाचला बॅग भरायला लागला. भांडण झालं, मोठं झालं. शेवटी तो म्हणाला, "आई, तू एकदा येऊन बघ. मग नाही म्हण, मी नाही जाणार."

म्हणून मी गेले. वय सत्तेचाळीस, पोहणं जेमतेम, लाइफ जॅकेट अंगावर आवळून घेतलेलं, दोघांच्या कयाकमध्ये पुढे मी, मागे तो. क्लबच्या मुलांनी मला हसू दाबत बसवलं.

कयाकमध्ये बसल्यावर पहिल्यांदा कळते ती उंची. म्हणजे उंची नसणं. तुम्ही पाण्यावर बसलेले नसता, जवळजवळ पाण्यात बसलेले असता. हात नुसता सोडला तरी मनगट ओलं होतं. पुलावरून जी नदी एक काळपट पट्टा दिसते ती इथे खोली, वास, उष्णता, आवाज अशी सगळीकडून अंगावर येते. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे तिथे पाणी तुंबून राहतं, म्हणून तर वल्हवता येतं. वल्हं खोल गेलं की तळाचा गाळ हलतो आणि आजूबाजूने बुडबुडे वर यायला लागतात, डाळ शिजताना येतात तसे. मला वाटलं मासे. मुलगा म्हणाला, गॅस आहे.

या पोरांनी नदीतल्या जागांना नावं ठेवली आहेत. एका ठिकाणी नाल्याचं तपकिरी पाणी येऊन मिळतं, ती 'टपरी'. पुढे पांढरा फेस जमतो, ती 'लाँड्री'. टपरीपाशी आलं की आपोआप सगळ्यांची तोंडं मिटतात आणि वल्ह्याचे फटके लहान होतात, पाणी उडू नये म्हणून. कोणी शिकवलेलं नाही. लाँड्रीपाशी मला चक्क ओळखीचा वास आला, आमच्या घरात वापरतात त्या कपड्यांच्या पावडरीचा. वल्ह्याला एक पिशवी अडकली. सोडवायला गेले तर आत झेंडू आणि दूर्वा, वर पक्की गाठ मारलेली. अशी गाठ मी दर गणपतीत मारलेली आहे. हल्ली नदीत टाकत नाही, कलशात टाकते. पण पूर्वी टाकली आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

आम्ही सहकारनगरला राहतो. आमच्या भागातून आंबील ओढा जातो, तोच ज्याला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पूर आला होता. तो दांडेकर पुलाच्या पुढे मुठेला मिळतो आणि मुठा संगमाला येते. म्हणजे मी जिथे बसले होते तिथे माझ्या घरातलंच पाणी माझ्या पुढे आलं होतं. खडकवासल्याहून नळाने आलेलं, मी वापरलेलं, आणि ओढ्यानाल्यांनी खाली सोडलेलं. रस्त्याने मला तिथे यायला पाऊण तास लागला होता.

पण हेही लिहायला हवं, नाहीतर पोस्ट खोटी होईल. मला तिथे मजा आली. ऊन वर येत होतं, पाण्यावर धुकं होतं, काठच्या फांदीवर खंड्या बसला होता आणि आम्ही दहा फुटांवरून गेलो तरी उडाला नाही. कयाकला आवाज नसतो ना. ढोकरी, पाणकावळे, बदकं. माणसांनी सोडून दिलेल्या जागेत इतके पक्षी. मागून मुलगा सांगत होता, "आई, हाताने ओढू नकोस, कंबर फिरव." मला ते एकदाच नीट जमलं, आणि बोट अशी सरकली की पोटात गुदगुल्या झाल्या. पाच वाजता का उठतो ते कळलं.

आता जरा आकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे मोजले आहेत. त्यातले 55 महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. नदीत आंघोळ करता यावी यासाठी पाण्यातला बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर जायला नको असा निकष आहे. मुळा-मुठेसाठी मैलापाणी शुद्ध करायची 11 केंद्रं उभारायचा प्रकल्प जपानच्या कर्जातून 2016 मध्ये मंजूर झाला, तेव्हा खर्च 990 कोटी होता. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा तो 1470 कोटींच्या वर गेलेला होता. त्याच दिवशी नदीकाठ सुधारणेच्या 9 किलोमीटरच्या टप्प्याचीही पायाभरणी झाली, 1080 कोटींहून जास्त.

नदीकाठ प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात इथे इतकं लिहिलं गेलंय की माझी त्यात भर नको. झाडं तोडण्यावरून, पुराचं पाणी कुठे जाणार यावरून जे प्रश्न विचारले जातात ते मला गंभीर वाटतात, आणि काठावर चालायला जागा मिळावी असं म्हणणारेही माझे शत्रू नाहीत. मी फक्त एक विचारते. या काठावरून पाण्यात उतरायचं कुठे? जुन्या लोकांनी घाट बांधले तेव्हा पायऱ्या पाण्यापर्यंत नेल्या होत्या, कारण माणूस खाली उतरणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. काठावरून बघायलाच असेल तर पाणी काळं असलं तरी चालतं, संध्याकाळी दिवे लावले की काळ्या पाण्यात जास्तच छान दिसतात. पाणी काळं असून चालत नाही ते फक्त त्याला, ज्याचा कान त्यात बुडणार आहे.

पॅरिसच्या सेन नदीचं उदाहरण तुम्ही वाचलं असेल. 1923 पासून तिथे पोहायला बंदी. 2024 च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी ठरवलं की खेळाडूंना याच नदीत उतरवायचं, आणि त्या एका तारखेपायी सुमारे 1.4 अब्ज युरो गटारं, टाक्या, जोडण्या यांच्यावर खर्च झाले. पाऊस पडला आणि पाणी बिघडलं तेव्हा ट्रायथलॉनची शर्यत पुढे ढकलावी लागली, जगभर छी-थू झाली. पण जुलै 2025 मध्ये तिथे साधी माणसं पोहायला उतरली. कोपनहेगनने हे खूप आधी केलं. एके काळी सांडपाणी पोटात घेणाऱ्या त्यांच्या बंदरात 2002 साली पोहायची जागा उघडली, आणि 2017 पासून तिथे एक संस्था लोकांना कयाक फुकट देते. अट एवढीच की तासा-दोन तासांत दिसेल तो कचरा बादलीत भरून आणायचा. ते श्रीमंत देश आहेत, मान्य. पण मला त्यातला पैसा महत्त्वाचा वाटला नाही. माणूस पाण्यात जाणार हे दोन्हीकडे आधी ठरलं. आपण म्हणतो पाणी स्वच्छ झालं की जाऊ. आणि कोणी जात नाही, म्हणून ते स्वच्छ व्हायची कोणाला घाई नाही. फोनवरच्या त्या भल्या माणसाचा प्रश्न त्याच्या जागी अगदी बरोबर होता. त्याच्याकडे माझ्यासारखे फोन येतच नसतील.

कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच की हे शहरी लोकांचे चोचले आहेत, लोकांना प्यायला पाणी नाही आणि यांना कयाक हवी. त्यांना आधीच उत्तर देते. प्राची यादव ही ग्वाल्हेरची मुलगी, जन्मापासून पायांत बळ नाही. भोपाळच्या तलावावर सराव करून तोक्योच्या पॅरालिंपिकमध्ये फायनलपर्यंत गेली आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण आणि दुसऱ्या प्रकारात रौप्य घेऊन आली. वल्हवायला पाय लागत नाहीत, पाणी लागतं. भोपाळला तलाव होता, त्याच्या काठावर सरकारी अकादमी होती. आणि आपल्याच धरणांवर कातकरी मासेमार ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून तिच्यावर बसतात आणि हाताने पाणी मारत जाळी टाकायला जातात, लाइफ जॅकेटचं नाव नाही. तेही कयाकिंगच आहे, त्याला खेळ म्हणत नाहीत एवढंच. दरवर्षी या देशात 35 हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. त्यावर आपला उपाय काय, तर पाटी: 'पाण्याजवळ जाऊ नये.'

जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा माझी एक मैत्रीण दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. जवान रबरी बोटी घेऊन आले तेव्हा तिची सुटका झाली. ती सांगत होती, खाली कंबरभर पाणी आणि सोसायटीत ऐंशी कुटुंबं, पण बोट कशी धरायची, चढताना कुठे पाय द्यायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. नद्यांच्या काठचं शहर, आणि ही अवस्था.

शेवटचं सांगून थांबते. जानेवारीत मुलाने सुचवलं की स्वच्छ पाण्यात रोलचा सराव करायला पानशेतला जाऊ. धरणाच्या पाण्यावर तिथे कयाक भाड्याने मिळतात. मी दबक्या आवाजात म्हटलं, आजोबांसमोर पानशेत म्हणू नकोस. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी येतो."

1961 नंतर ते पानशेतला गेले नव्हते. गाडीत काही बोलले नाहीत. धरण आलं तेव्हा गाडी थांबवायला सांगितली, उतरून पाच मिनिटं भिंतीकडे बघत उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, "बरंच मोठं आहे." मला वाटलं संपलं. पण काठावर गेल्यावर त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि नातवाला विचारलं, "यात माणसाने बसायचं कसं?"

मी नको नको म्हणत राहिले. नातवाने त्यांना लाइफ जॅकेट घातलं, बक्कल दोनदा तपासलं, दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवलं. पाणी तिथे हिरवट, पण स्वच्छ, काठाजवळ तळाचे दगड दिसत होते. शंभरेक फूट आत गेल्यावर बाबांनी वल्हं आडवं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात सोडले. बराच वेळ तसेच होते. काठावरून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नंतर मुलाला विचारलं, काय म्हणत होते? तो म्हणाला, "काही नाही. मासे आहेत का विचारलं. मी म्हटलं आहेत."

परत येताना गाडीत मात्र बोलायला लागले. हेच पाणी खाली येतं ना, मग आपल्याकडे पोचेपर्यंत याचं काय करता तुम्ही लोक, असं. तुम्ही लोक म्हणजे आम्ही. आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना त्यांनी जाहीर केलं की त्यांना शहरातल्या नदीतही जायचंय. भोपळा सोडला होता ती जागा लांबून का होईना बघायची आहे. नातू म्हणाला, आजोबा, तिथपर्यंत कयाक जात नाही, मध्ये उथळ आहे आणि जलपर्णी आहे. ते म्हणाले, "मग जाईल तिथपर्यंत."

मी अजून हो म्हटलेलं नाही. ऐंशीव्या वर्षी ते पाणी अंगावर उडालेलं मला चालणार नाही, आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण तेवढं एकच आहे. मुलगा जातोय. कानात बोळे घालून जातो, आल्यावर मी काही विचारत नाही. त्या कार्यालयात मी दर सोमवारी फोन करते. पाणी तपासलेले आकडे कुठे आहेत एवढंच विचारते. आता ते मला आवाजावरून ओळखतात. गेल्या सोमवारी त्यांनी स्वतःहून सांगितलं की फाईल वरच्या टेबलावर गेली आहे. कुठली फाईल ते मला माहीत नाही, पण एक फाईल झाली आहे.

येत्या शनिवारी सकाळी सहाला आम्ही पाच-सहा पालक तिथे जमतोय. मुलांचा सराव बघायला, आणि ज्यांना जमेल त्यांनी दोघांच्या बोटीत एक फेरी मारायला. कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, जागा इनबॉक्समध्ये सांगते. पोहता येत नसेल तरी चालेल, जॅकेट देतात, ते मात्र काढायचं नाही. जुने कपडे घाला, टॉवेल आणा. आणि घरून दोन बाटल्या नळाचं पाणी भरून आणा, परत काठावर आल्यावर हात धुवायला लागतं.